पाटलांच्या पोटातला माळढोक

एकाच काचेवर मी दोन फोटो घेतले. पहिला नांदगाव खंडेश्वराकडच्या एका पाटलांचा, त्यांच्या सजवलेल्या बैलजोडीसकट. दुसरा त्यांच्याच माळावर अंड्यावर बसलेल्या माळढोकाच्या मादीचा. मधे काच बदलायची राहिली, एवढंच. पण पाटलांच्या लेखी ते 'एवढंच' नव्हतं, आणि पाटलांच्या हातात वखर होता.

वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलेलं होतं त्या काळातली ही गोष्ट. अमरावतीला मी नवाच वकील झालो होतो. नवा वकील म्हणजे कोर्टाच्या आवारातल्या कडुनिंबाखाली काळ्या कोटात घामाघूम उभा राहणारा आणि पक्षकार सोडून बाकी सगळं दिसणारा माणूस. मला घारी दिसायच्या. घारी पाहता पाहता पोपट दिसायला लागले, आणि एके दिवशी साक्षीदाराची उलटतपासणी सोडून मी खिडकीतल्या धनेशाकडे पाहत राहिलो, तेव्हा पक्षकाराने वकील बदलला आणि मी आमच्या गावच्या पक्षीमंडळाचा सभासद झालो.

मंडळ लहानसं होतं. एक निवृत्त हेडमास्तर हे अध्यक्ष, बाकी शिक्षक, वकील आणि एक डॉक्टर. महिन्याच्या शेवटच्या रविवारी शाळेच्या चित्रकलेच्या वर्गात आम्ही जमत असू. खिडक्यांना घोंगड्या लावायच्या, भिंतीवर पांढरी चादर ताणायची आणि मॅजिक लँटर्न पेटवायचा. तळहाताएवढ्या काचेवरचा फोटो त्या दिव्यापुढे धरला की चादरीवर बैलाएवढा खंड्या उमटे. मग ज्याचा फोटो असेल तो बोले आणि बाकीचे ऐकत. हेडमास्तरांचा एकच नियम होता: व्याख्यान चालू असताना जो जागेवरून उठेल, त्याने शेवटी चादरीची घडी घालायची. त्या मंडळात माझ्याइतकी सुबक घडी दुसऱ्या कोणालाच जमत नसे.

माझं दुखणंच ते होतं. मला बसवत नाही. जेवताना मी दोनदा उठतो, वर्तमानपत्र उभ्याने वाचतो. पक्ष्यांचे फोटो काढायला जो गुण लागतो, नेमका तोच देव माझ्यात घालायचा विसरला. पण कॅमेरा माझ्याकडे होता. लग्नात सासरे सोन्याचं घड्याळ देत होते, ते नाकारून मी तिपाईसकट कॅमेरा मागून घेतला होता. सासऱ्यांनी तो दिला आणि मुलगी कोणाच्या घरी चालली आहे हे त्यांना त्याच दिवशी कळलं. मंडळात कॅमेरा असलेला सभासद मीच, म्हणून मंडळाने मला सहन केलं. एकदा टिटवीच्या घरट्याशी मी गोणपाट पांघरून बसलो. मुंगळे आले. नंतर मी जो नाच केला, त्यात कॅमेरा आपोआप चालला आणि माझ्याच बुटाचा फार स्पष्ट फोटो आला. हेडमास्तरांनी तो मंडळात दाखवायला लावला. 'स्थानिक, वर्षभर आढळतो,' एवढीच माहिती त्यांनी वर दिली.

त्या साली श्रावणात हेडमास्तर मला शोधत कोर्टात आले. पाटलांच्या बरडावर, म्हणजे गवताच्या पडीक माळावर, माळढोकाची मादी बसली होती. हा पक्षी वर्षाला एकच अंडं घालतो, तेही उघड्या जमिनीवर. आणि पाटलांनी ठरवलं होतं की पोळा झाला की बरड मोडायचा, वखर फिरवायचा आणि हरभरा पेरायचा.

"मी स्वतः जाऊन आलो," हेडमास्तर म्हणाले. "त्यांचा मुलगा माझ्या हाताखाली शिकलाय. म्हटलं, पाटील, पिल्लू चालायला लागेपर्यंत तेवढा तुकडा सोडा. तर म्हणाले, पाहू."

वऱ्हाडातला 'पाहू' म्हणजे नाही नव्हे. पण तो हो तर मुळीच नव्हे.

हेडमास्तरांनी डोकं लढवलं होतं. अकोल्याच्या पक्षीप्रेमी मंडळींनी आम्हाला व्याख्यानाला बोलावलं होतं, आणि पाटलांचे व्याही अकोल्यालाच, मोर्णा नदीपलीकडे जुन्या शहरात राहत. पाटलांना व्याख्यानाला बोलवायचं, पहिल्या रांगेत बसवायचं, आणि साऱ्या सोयऱ्यांसमोर पडद्यावर त्यांच्या शेतातला माळढोक दाखवून 'ही पाटलांची कृपा' असं म्हणायचं. "शब्द एकवेळ मोडेल माणूस, वकीलसाहेब," ते म्हणाले. "पण चारचौघांत घेतलेला मान परत करणारा मला तरी भेटलेला नाही. तुम्ही फक्त फोटो आणा. आणि एक ऐका. बंडीतून काढा. पायी चालणारा माणूस त्या पक्ष्याला लांबूनच खपत नाही. बैलबंडी मात्र तो खिजगणतीत धरत नाही. बंडीतून खाली उतरायचं नाही. पाय सुद्धा लोंबवायचा नाही."

मी पहिल्याच सुट्टीचा दिवस गाठला. कोर्टाला सुट्टी कशाची आहे याची चौकशी करण्याची मला गरज वाटली नाही. सर्विस मोटारीने नांदगावला उतरलो, तिपाई खांद्यावर टाकून पाटलांच्या गावी पोचलो आणि ओसरीत पाय ठेवताच म्हणालो, "पाटील, बंडी जुंपा. ऊन चढायच्या आत जाऊ."

ओसरीत दहा-पंधरा माणसं बसली होती. सगळी बोलायची थांबली. पाटील माझ्याकडे नीट पाहून म्हणाले, "वकीलसाहेब, आज पोळा हाय."

जन्म वऱ्हाडातला, तीन पिढ्या वऱ्हाडातल्या, आणि मी पोळ्याच्या दिवशी शेतकऱ्याकडे जुंपायला बैल मागितले. त्या दिवशी बैलाच्या मानेला दोरीसुद्धा हळू बांधतात. आमच्या घरी पोळा म्हणजे पाटावर मातीचे बैल, त्यांना कोण जुंपणार? मी हे स्पष्टीकरण दिलं. ते ऐकून लोक आणखीच हसले.

"मातीचे आनाचे ना मंग," कोपऱ्यातला एक म्हातारा म्हणाला. "तेच जुंपले असते."

पाटलीणबाई दारातून म्हणाल्या, "हासू नका बावा. शहरचा मानूस हाय. बसा वकीलसाहेब, पुरनाची पोळी होऊन राहिली."

मी बसलो. मग उठलो. वेशीपर्यंत गेलो, परत आलो. नदीवर बैल धुवायला नेले होते तिकडे गेलो, तिथून हाकललं गेलो, परत आलो. पाटलांनी मला मोजून पोळ्या वाढायला लावल्या असत्या तर निदान हाताला काम मिळालं असतं. माळ समोर दिसत होता, त्या हिरव्या गवतात कुठेतरी ती मादी बसली होती, ऊन असं पडलं होतं की कॅमेऱ्याला दुसरं काही नको, आणि साऱ्या गावात बैल असून एक बैल नव्हता. पायी जाऊ का, असं मी दोनदा विचारलं. दुसऱ्यांदा पाटलांनी नुसतं पाहिलं.

दिवस कलला तेव्हा बैल सजले. शिंगांना बेगड, पाठीवर झुली, गळ्यात घुंगरमाळा. पाटलांनी नवा कोट चढवला, फेटा बांधला, पांढरंशुभ्र धोतर नेसले आणि माझ्यापाशी येऊन म्हणाले, "सकाळपासून येरझाऱ्या घालून राहिले तुमी. त्यापरीस माह्या जोडीचा फोटो काढा ना."

मी आनंदाने काढला. पाटील दोन बैलांच्या मधे कासरा धरून उभे राहिले. म्हटलं, हलू नका. ते असे थिजले की बैलांनीही शेपट्या हलवायच्या थांबवल्या. फोटो झाल्यावर ते जवळ आले आणि आवाज उतरवून म्हणाले, "हा बी तिकडं अकोल्याले परद्यावर दाखवान काय?"

"दाखवतो की."

"येवढा मोठा?"

"याहून मोठा."

पाटलांनी फेट्याचं टोक नीट केलं, जणू पडदा समोरच होता. "व्याह्याले सांगतो मंग," ते म्हणाले. "लय मोठे समजते सोताले. मोटार घेतली म्हून."

आता त्या काचेचं सांगतो. लाकडाच्या चपट्या डबीत दोन्ही बाजूंना एकेक काच असे. फोटो झाला की त्या बाजूचं झाकण उलटं करून बसवायचं, काळी बाजू वर, म्हणजे ही काच वापरली हे कळतं. मी झाकण बसवत होतो त्याच वेळी तोरण तुटलं, बैल पळाले, ढोल वाजले, आणि मी पाहायला धावलो. झाकण सुलटंच बसलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बंडी जुंपली. तिपाई बंडीत उभी केली, मी काळ्या कापडात डोकं घातलं, आणि गडी बैलांशी बोलत बोलत गवतातून हळूहळू पुढे गेला. ती दिसली. लांब पांढरी मान, डोक्यावर काळी टोपी, बाकी सारा देह गवताच्या रंगाचा. चाक करकरलं. तिने आमच्याकडे पाहिलं आणि डोळा मिटला. बैलबंडीबद्दल तिचं मत हेडमास्तरांनी सांगितलं तेच होतं. मी श्वास धरला. आयुष्यात पहिल्यांदा मी हललो नाही. बाहेर निघाल्यावर गडी म्हणाला, "वकीलसाहेब, मले वाटलं तुमी झोपले."

काचा मी अमरावतीच्या एका फोटोवाल्याकडे धुवायला आणि लँटर्नच्या काचा करायला दिल्या. रोज सकाळ-संध्याकाळ मी त्याच्या दुकानात जाऊ लागलो. त्याने कंटाळून सांगितलं की तुम्ही आलात की माझं काम थांबतं, तेव्हा आता काचा मी स्टेशनवरच आणून देईन. व्याख्यानाच्या दिवशी गाडी हलता हलता तो धावत आला, डबा खिडकीतून आत टाकला आणि ओरडला, "एक काच कोरीच निघाली, आणि एक जरा..." पुढचं इंजिनाने खाल्लं.

बडनेऱ्याला गाडी बदलली आणि मी डबा उघडला. एकेक काच खिडकीच्या उजेडात धरून पाहू लागलो. गाडी हलत होती, हात हलत होता. माळढोक सापडला. बसलेली मादी, मान स्पष्ट, आणि भोवती सारं पांढुरकं. मी हेडमास्तरांना म्हणालो, "बघा. सकाळचं धुकं काय सुरेख उतरलंय."

हेडमास्तरांचा चष्मा पिशवीत होता. त्यांनी काच डोळ्यांपासून लांब धरली आणि म्हणाले, "त्या दिवशी धुकं होतं?"

"असणारच," मी म्हणालो. "दिसतंय ना."

मग मी पाटलांचा फोटो शोधला. नव्हता. सगळ्या काचा पुन्हा पाहिल्या. सुगरण होती, चास, म्हणजे नीळकंठ, होता, वेडा राघू होता, पाटील नव्हते. कोरी निघालेली काच पाटलांचीच, असं मी गृहीत धरलं. पाटील व्याह्यांना घेऊन पहिल्या रांगेत बसणार, आणि पडद्यावर त्यांचा पत्ता नाही. हेडमास्तरांना सांगायची हिंमत होईना. मी डब्याच्या या दारापासून त्या दारापर्यंत फेऱ्या मारू लागलो. मूर्तिजापूरला खाली उतरलो, कशासाठी ते मलाच ठाऊक नव्हतं, आणि चालत्या गाडीत चढताना एका बाईच्या टोपलीत पाय दिला. त्यात वांगी होती. ती बाई अकोल्यापर्यंत माझ्याशी बोलत होती, मी तिच्याशी नाही.

अकोल्याचं सभागृह म्हणजेही एका शाळेचा वर्गच. पाटील आले. सोबत व्याही, विहीणबाई, व्याह्यांचे दोन भाऊ आणि, मला वाटतं, जुन्या शहरातली एक अख्खी गल्ली. पाटलांच्या अंगावर तोच कोट आणि तोच फेटा होता. व्याही गोरेपान, खिशाला सोन्याची साखळी. बसताना म्हणाले, "आमचे पाटील आज सिनेमात येऊन राहिले."

पाटलांनी माझ्याकडे पाहून मान डोलावली. मीही डोलावली. बेत असा केला होता की माळढोक अगदी शेवटी दाखवायचा, तोवर इतकं बोलायचं, इतकं बोलायचं की पाटलांच्या फोटोची आठवणच कोणाला राहू नये. मी बोलत सुटलो. चासाला दसऱ्याला लोक का पाहतात ते सांगितलं, सुगरणीची नरावरची दहशत सांगितली. बोलताना मी इकडून तिकडे चालतो. लँटर्नच्या झोतातून मी गेलो की चासावर माझं नाक पडे. मागून कोणीतरी म्हणालं, "हा पक्षी वकील हाय काय?"

दर काचेनंतर पाटील वाकून व्याह्यांना काहीतरी सांगत. दर काचेनंतर व्याही म्हणत, "येईल, येईल. आधी पाखरं होऊन जाऊ द्या."

शेवटी हेडमास्तरच उठले. त्यांना वाटलं मी मुद्दाम रंगवतो आहे. त्यांनी हात जोडून सांगितलं की या व्याख्यानातला सर्वांत दुर्मीळ पक्षी आम्हाला आमच्या पाटीलसाहेबांमुळे पाहायला मिळाला. पाटलांनी आपल्या माळावर त्याला आसरा दिला आहे आणि पिल्लू मोठं होईपर्यंत देणार आहेत. लोकांनी टाळ्या वाजवल्या. पाटलांनी उठून नमस्कार केला. तेवढ्या क्षणापुरतं काम झालं होतं. तो तुकडा वाचला होता. तिथेच लँटर्न विझवला असता तर हा लेख झाला नसता.

काच सरकली.

पडद्यावर छपरापर्यंत उंच पाटील उभे होते. फेटा, कोट, कासरा, सगळं होतं, पण आरपार. त्यांच्यातून गवत दिसत होतं. दोन्ही बाजूंना बैल, तेही धुरासारखे. आणि पाटलांच्या बरोबर पोटात, कोटाच्या खालच्या गुंडीपाशी, माळढोकाची मादी स्वस्थ बसलेली. तिची मान वर जाऊन पाटलांच्या मिशीत संपत होती. मी ज्याला धुकं म्हणत होतो ते पाटलांचं धोतर होतं.

लँटर्नचा फुसफुस आवाज तेवढा येत होता. मग व्याही म्हणाले, अगदी शांतपणे, "व्याही, दिवस गेले काय तुम्हाले?"

पुढचं मी वर्णन करत नाही. जुन्या शहरातले लोक हसायला लागले की मोर्णेच्या या काठाला ऐकू येतं. विहीणबाई पदर तोंडात घालून बाहेर गेल्या. एक म्हातारी मात्र हसली नाही. ती म्हणाली, "जित्या मानसाच्या आरपार दिसनं बरं नाही बाप्पा," आणि त्यावर हशा विरला, ते आणखीच वाईट झालं.

पाटील उठले. माझ्यापाशी आले. "मी तुम्हाले पुरनाची पोळी खाऊ घातली," ते म्हणाले. "अन् तुमी मले जितेपनी भूत केलं. तेही गाभन."

"पाटील, काच बदलायची..."

"वखर परवा धरनार होतो. आता उद्या धरतो."

ते गेले. व्याही थांबा, थांबा म्हणत मागे गेले. हेडमास्तरांनी खुर्चीवर चढून चादर स्वतः सोडवली आणि स्वतः घडी घातली. प्रकरण कुठवर गेलं आहे ते मला त्यावरून कळलं.

पाटील त्याच संध्याकाळी परतले. आम्ही सकाळच्या पहिल्या गाडीने निघालो. बडनेऱ्यापर्यंत मी उभाच होतो. पुढे नांदगावची मोटार भरल्याशिवाय सुटेना, तेव्हा मी रस्त्यावर उभं राहून प्रवासी बोलावू लागलो. ड्रायव्हर म्हणाला, कोर्ट बंद पडलं काय साहेब? हेडमास्तर खिडकीशी डोळे मिटून बसले होते. मी दर थोड्या वेळाने त्यांना विचारत होतो, वखर सुरू झाला असेल का. शेवटी ते डोळे न उघडता म्हणाले, "झाला असेल तर मोटार ढकलूनही तो थांबणार नाही. बसा."

पाटलांच्या घरी पोचलो तर पाटील नव्हते. पाटलीणबाई शिदोरी घेऊन बंडीत बसतच होत्या. "ते पहाटंच वखर घेऊन गेले बरडावर," त्या म्हणाल्या. "या, बसा. मी बी तिकडंच चालली." बंडी हलली तशा त्या माझ्याकडे वळल्या. "तुमी त्यांच्या पोटात पाखरू दाखवलं म्हनते?"

"चुकून झालं, बाई."

"रातभर धुमसत होते." त्यांनी पदर ओठांवर धरला. "मले पाहाचं होतं. आनली हाय काय ते काच?"

हेडमास्तरांनी घसा खाकरला. बैल आपल्या चालीने चालले होते. वऱ्हाडातला बैल घाईला बधत नाही, घाई करणाऱ्याची कीव करतो. मी गड्याला तीनदा म्हटलं, जरा हाक. तिसऱ्यांदा त्याने कासरा माझ्यापुढे धरला. "तुमी हाका."

चढ संपला आणि बरड दिसला. अर्ध्याहून अधिक काळा झाला होता. ताज्या मातीवर बगळे चालत होते. आणि उरलेल्या हिरव्या पट्ट्याकडे तोंड करून पाटलांची जोडी सरळ निघाली होती, वखरावर पाटील उभे.

मी उडी मारली.

"उतरू नका," हेडमास्तर ओरडले. "वकीलसाहेब, उतरू नका."

मी ऐकलं. ऐकलं हे मला आजही आठवतं. पण पाय धावत होते. कोट काढून हवेत फिरवत, "पाटील, थांबा, थांबा," असा ओरडत मी वखरलेल्या रानातून निघालो. काळी माती बुटाला धरते. एक बूट तिने ठेवून घेतला. मी दुसऱ्या बुटावर धावलो. आणि हिरव्या पट्ट्याच्या मधून एक मोठी राखी सावली उठली, पंखांचा भरदार आवाज झाला, आणि मादी माळ ओलांडून दूर गेली.

पाटलांनी बैल थांबवले. मी जवळ पोचेपर्यंत ते हलले नाहीत.

"कोनावर ओरडून राहिले?"

"अंडं आहे तिथं, पाटील. वखर..."

"खाली पाहा."

खाली बोराटीच्या काटेरी फांद्या रोवलेल्या होत्या. हिरव्या तुकड्याच्या चारी बाजूंना. वखराची रेघ त्यांच्यापाशी येऊन प्रत्येक वेळी वळली होती.

"पहाटपासून या काट्यांच्या बाहीरून फिरून राहिलो," पाटील म्हणाले. "बैल गेले, वखर गेला, मी गेलो. तिनं मान नाही हालवली. तुमी आले अन् उडाली."

"पण काल तुम्ही म्हणालात, उद्या वखर धरतो."

"धरला ना. तिच्यावरून धरतो म्हनलो काय?" त्यांनी माझ्या बूट नसलेल्या पायाकडे पाहिलं. "पाखरानं माह्यं काय केलं? माह्या पोटात ते आपल्या पायानं गेलं काय? राग तुमच्यावर हाय. तुमच्यावर वखर चालवता येत नाही."

तेवढ्यात हेडमास्तरांनी बंडीतून बोट केलं. बाभळीवर दोन कावळे येऊन बसले होते. उघड्यावरचं एकटं अंडं कावळ्याला सांगावं लागत नाही. पाटलांनी मला दंडाला धरून बंडीपर्यंत आणलं आणि आत घातलं, पोतं टाकतात तसं. "मी वखर चालवतो," ते हेडमास्तरांना म्हणाले. "रान पहिल्यावानी दिसलं तरच ते येईन. ह्यांले धरून ठेवा."

मी बसलो. एका बाजूला हेडमास्तर, दुसऱ्या बाजूला पाटलीणबाई. पाटील पुन्हा फेऱ्या घालू लागले. काही झालं नाही. आणखी काही झालं नाही. माझे गुडघे आपोआप हलत होते, तर हेडमास्तरांनी शिदोरीची टोपली त्यांच्यावर ठेवली. एक कावळा बाभळीवरून जमिनीवर उतरला आणि चालत काट्यांकडे निघाला. मी टोपली उचलली. हेडमास्तरांनी ती परत दाबली. पाटलांनी काही न दाखवता बैल थोडे तिरके वळवले, वखर खडखडला, कावळा उडून पुन्हा बाभळीवर गेला. पण निघून गेला नाही, बसून राहिला.

माझ्याच्याने आता होईना. माझ्या पायांनी काल एका माणसाची अब्रू घालवली होती, आज त्यांनी अंडंही घालवलं असतं, आणि ते पाय अजूनही उठायला निघाले होते. मी पुटपुटलो, "येत नाही ती."

"तुमी बोलून राहिले, म्हून येत नाही," पाटलीणबाई म्हणाल्या.

मग हेडमास्तरांचा हात माझ्या मनगटावर घट्ट झाला. गवताच्या पलीकडच्या काठाला एक पांढरी मान उभी होती. ती थांबली. पाटलांकडे पाहिलं, बैलांकडे पाहिलं, बंडीकडे पाहिलं. आम्ही बंडीच होतो. ती चालू लागली, थांबत, मान वळवत, पुन्हा चालत, काट्यांच्या आत आली, खाली पाहिलं आणि अंग झाडून बसली. गवत तिच्यावर मिटलं. बाभळीवरचे कावळे जरा वेळाने कंटाळून निघून गेले. पाटील वखर वळवून बंडीपाशी आले आणि हेडमास्तरांना म्हणाले, "पिल्लू चालाले लागेपर्यंत तेवढा तुकडा राहीन. पन फोटोचं नाव माह्यासमोर पुन्हा काढू नका. ना माह्या, ना बैलाचा."

मला इतका आनंद झाला की मी टोपली बाजूला सारून उठलोच. पाटलांचे पाय धरावेत की टाळ्या पिटाव्यात हे ठरायच्या आधी पाटलीणबाईंनी मागून माझा सदरा ओढला आणि मी दाणकन खाली बसलो.

"पाखरं पाहाले येता ना तुमी वकीलसाहेब?" त्या म्हणाल्या. "मंग पाहाले पाय कायले लागते?"